रोबोटच्या स्पर्धेत घुमट वाजलं तर बिघडलं कुठं?

गेले पंधरा दिवस आमच्या भागात दुसरा विषय नाही. फोंड्याला शाळांची रोबोटिक्स स्पर्धा होती, आमच्या डिचोली तालुक्यातल्या गावची पोरं बालरथातून, म्हणजे शाळेच्या बसमधून गेली आणि त्यांच्या मागून एक भाड्याची मिनीबस भरून गाव गेला. दोन घुमटं (मातीच्या मडक्याला कातडं लावलेलं आमचं तालवाद्य), साथीला एक शामेळ आणि कासाळं, अंगात टीमचं नाव छापलेले टीशर्ट, आणि आमचा रोबो टेबलावर आला की हॉल डोक्यावर. दुसऱ्या दिवशी शाळेला आयोजकांचा निरोप आला की पुढच्या वर्षी वाद्यं बंद, एका टीममागे दोनच मोठी माणसं, बाकीच्यांनी निकाल फोनवर बघावा. तेव्हापासून भांडण सुरू आहे. एक बाजू म्हणते विज्ञानाचा शिगमो करून टाकला, दुसरी बाजू म्हणते घुमट आमची संस्कृती आहे, २०१९ साली सरकारनं त्याला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलंय, कोण बंद करतो बघूया. मी दोन्हीकडचे मेसेज वाचले आणि मला वाटलं की दोन्ही बाजू भलत्याच ठिकाणी भांडतायत. विषय संस्कृतीचा नाही आणि शिस्तीचाही नाही. रोबोटिक्स हे गावाचं होणार की चार सुखवस्तू घरांचं आणि क्लासवाल्यांचं राहणार, हा खरा विषय आहे.

माझं मत आधीच सांगतो. गर्दी पाहिजे, आवाज पाहिजे, टीशर्ट, घोषणा, घुमट सगळं पाहिजे. आणि हे पोरांना मजा यावी म्हणून म्हणत नाही, शिक्षणाच्या दृष्टीनंच म्हणतो.

पहिली गोष्ट, ज्यांना वाटतं की हा गोंधळ आपल्या गोंयकारांनीच विज्ञानात घुसवला त्यांनी या स्पर्धांचा इतिहास एकदा बघावा. इन्सुलिनचा पंप आणि नंतर सेगवे बनवणारा अमेरिकेतला संशोधक डीन केमन, त्यानं १९८९ साली 'फर्स्ट' ही संस्था काढली ती याच दुःखातून की पोरांना हिरो म्हणून फक्त खेळाडू आणि सिनेमावाले दिसतात, इंजिनियर दिसतच नाही. १९९२ साली न्यू हॅम्पशायरमधल्या मँचेस्टर गावात एका शाळेच्या जिममध्ये २८ टीमची पहिली स्पर्धा झाली. जिममध्ये! प्रयोगशाळेत नाही, सेमिनार हॉलमध्ये नाही. बास्केटबॉलला जसे लोक ओरडतात तसं यंत्रासाठी ओरडावं हाच त्यामागचा विचार होता. आज ह्यूस्टनला त्याची जागतिक फेरी होते तेव्हा मॅस्कॉट असतात, रंगवलेले चेहरे असतात, टीमचे बिल्ले वाटले जातात, अडीच मिनिटांच्या मॅचला स्टँड दणाणून जातो. म्हणजे आवाज हा या प्रकारात बाहेरून आलेला उपद्रव नाहीच, तो पहिल्या दिवसापासून आराखड्यात आहे. आणि आपल्याकडेच बघा ना, २००८ साली आशिया-पॅसिफिकची एबीयू रोबोकॉन पुण्यात झाली तेव्हा विषय काय होता? गोविंदा! कृष्ण, हंडी आणि लोणी. इंजिनियरिंगच्या मुलांनी रोबोंना लोणी काढायला लावलं. दहीहंडीवरचा खेळ चालतो आणि गॅलरीत घुमट चालत नाही, हा कुठला न्याय?

आता विरोधकांचं जे खरं आहे ते खरंच आहे, ते मी टाळणार नाही. विज्ञानाला एकाग्रता लागते, हे खरं. पोरगी कोड बदलत असताना कानाशी शामेळ वाजवणं हा अडाणीपणा आहे आणि तो आमच्याकडून एकदा झाला, आमच्याच मॅडमनी येऊन आम्हाला थांबवलं आणि बरोबर केलं. काही मुलांना मोठा आवाज सहनच होत नाही, ती आळशी नसतात की भित्री नसतात, त्यांचं शरीरच तसं असतं, आणि अशी मुलं रोबोटिक्समध्ये फार छान रमतात हे कुठलाही शिक्षक सांगेल. त्यांना घाबरवून बाहेर काढणारी गर्दी मला नको. पण यावर उपाय काय, गाव घरी बसवणं? अमेरिकेतल्या बऱ्याच स्पर्धांना एक शांत खोली ठेवलेली असते, ज्याला आवाज नको त्यानं तिथं जाऊन बसावं. टीमची कामाची जागा वेगळी आणि मैदान वेगळं असतं. आमच्याकडे तर सगळं एकाच हॉलमध्ये, कामाची टेबलं आणि स्पर्धेचं टेबल यांच्यात दहा पावलं. मग त्रास होणारच की. खोल्यांची मांडणी चुकली आणि दोष घुमटावर गेला.

आणि एक विचारतो, एकाग्रतेचं एवढंच असेल तर भजनाचं काय? भजन ही साधना, त्याच्याइतकं आतलं दुसरं काय आहे आपल्याकडे? तरी कला अकादमीची भजनी स्पर्धा कित्येक वर्षं गोवाभर चालते, पुरुषांची, महिलांची, बालकांची, आणि आपल्या वाड्यावरच्या पथकासाठी माणसं गाड्या करून जातात, सम नीट पडली की मांड्या थोपटतात, पखवाजाला दाद देतात. कुणाची भक्ती बुडाली? उलट ज्या वाड्यावर पेटीला हात लावणारा कुणी उरला नव्हता तिथं परत पेट्या वाजायला लागल्या. संगीत नाटकांच्या काळात वन्समोअर घेऊन घेऊन लोकांनी नाटक पहाटेपर्यंत लांबवलं, तेव्हा गाणं बिघडलं का? दीनानाथांची मंगेशी, केसरबाईंचं केरी, इथली देवळांच्या सभामंडपातली ऐकणारी माणसं गप्प बसणारी नव्हती, चुकलं तर तोंडावर सांगणारी होती. त्याच केरीच्या केसरबाईंचा आवाज १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेला. ऐकणारा तयार असला की गाणारा तयार होतो हे आपल्याला गाण्याच्या बाबतीत पटतं, मग यंत्राच्या बाबतीत का पटू नये.

इथं कुणी म्हणेल की अहो गाण्यातल्या श्रोत्याला गाणं कळतं, तुमच्या मिनीबसमधल्या लोकांना रोबोमधलं काय कळतं, ते नुसते ओरडतात. हा मुद्दा सगळ्यात वजनदार आहे आणि म्हणूनच त्या दिवशी काय झालं ते जरा सविस्तर सांगतो.

आमची टीम लाइन फॉलोअरमध्ये होती. पांढऱ्या फ्लेक्सवर काळा पट्टा, रोबोनं पट्टा धरून फिरून यायचं. रोबोच्या पोटाखाली आयआर, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड प्रकाशाचे सेन्सर असतात, पांढऱ्यावरून प्रकाश परत येतो, काळ्यावरून येत नाही, त्यावरून तो पट्टा ओळखतो. माझी भाची आठवीत, कोड तिचा. सकाळी दोन्ही ट्रायलला रोबो देवाच्या पालखीसारखा सावकाश फिरून आला. दुपारच्या फेरीत उजवीकडच्या तिसऱ्या वळणावर पट्टा सोडून सरळ निघून गेला. परत लावला, परत तिथंच. तिला वाटलं बॅटरी उतरली, कारण फुल चार्जवर ट्यून केलेला रोबो व्होल्टेज कमी झालं की वळणावर वेगळा वागतो, हे तिला माहीत होतं. बॅटरी बदलली, परत तिथंच. तोंड एवढंसं झालं होतं पोरीचं. आमचे बालरथाचे ड्रायव्हर सकाळपासून कठड्याला टेकून उभे होते, सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच. ते वरूनच ओरडले, "अगो, तुजोच न्हय, सगळ्यांचोच थंयच चुकता! कित्याक गो?"

ती थांबली. खरंच, आधीच्या तीन शाळांचे रोबो त्याच वळणावर गेले होते, पण प्रत्येक टीमनं फक्त आपलाच रोबो बघितला होता, सगळ्यांचे बघितले होते ते ओरडणाऱ्यांनी. तिनं वर बघितलं. पश्चिमेच्या खिडकीतून उतरतं ऊन बरोब्बर त्या वळणावर पडलं होतं, आणि उन्हात आयआर भरपूर असतो, सेन्सरला काळा पट्टाही पांढरा वाटायला लागतो. सकाळी तिथं ऊन नव्हतंच. तिनं व्हॉलंटियरला सांगितलं, त्यांनी पडदा ओढला आणि चांगली गोष्ट म्हणजे आधीच्या तिन्ही शाळांना परत संधी दिली. त्यातली एक शाळा आमच्या पुढे नंबर काढून गेली आणि तिच्यासाठी आमचं घुमट वाजलं. मी तिथं होतो.

तर आता सांगा, त्या ड्रायव्हरना काय कळत होतं? आयआर कळत नव्हतं, कोड कळत नव्हता. पण चार रोबो एकाच जागी चुकतात हे त्यांनी हेरलं, आणि विज्ञानाची सुरुवात याच्याशिवाय वेगळी काय असते? अमेरिकेतल्या त्या मोठ्या स्पर्धेत याला स्काउटिंग म्हणतात. टीमची अर्धी पोरं स्टँडमध्ये बसून प्रत्येक मॅचमधल्या प्रत्येक रोबोची नोंद ठेवतात, कोण किती वेळा अडकला, कुणाचा हात कुठं कमी पडतो, आणि बाद फेरीसाठी साथीदार निवडताना त्या वहीवरच सगळा हिशेब होतो. म्हणजे तिथं प्रेक्षकात बसणं हेसुद्धा काम आहे. आमच्याकडे ते एका ड्रायव्हरनं आपणहून केलं, कुणी न शिकवता. त्यांना पुढच्या वर्षी आत घ्यायचं नाही असं ठरलंय.

दुसरी खरी भीती, गावागावातली खुन्नस. फुटबॉलच्या मैदानावर काय होतं ते आपण बघतो, दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुराचा मोठा पुतळा उभारून पहाटेपर्यंत डीजे लावून म्हाताऱ्यांची झोप उडवणारी पोरंही आमचीच, मी त्याच मंडळात आहे, मला नाकारता येणार नाही. रोबोटिक्समध्ये हे घुसलं तर वाईट होईल. पण फॅन लोकांना ताळ्यावर ठेवायचं काम नुसत्या नोटिशीनं होत नसतं, त्यासाठी खेळच तसा रचावा लागतो. 'फर्स्ट'च्या त्या स्पर्धेत तीन-तीन रोबोंच्या दोन बाजू असतात आणि साखळी फेरीत त्या बाजू सारख्या बदलतात. आत्ता जो समोर आहे तो पुढच्या मॅचला तुमच्या बाजूनं खेळणार असतो. शिव्या कुणाला घालणार? त्याचा रोबो मोडला तर उद्या नुकसान तुमचंच, म्हणून पोरं आपला स्क्रू ड्रायव्हर, आपली बॅटरी घेऊन दुसऱ्याच्या टेबलाकडे धावतात. एमआयटीचे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांनी याला 'ग्रेशस प्रोफेशनलिझम' असं नाव दिलं, म्हणजे जीव तोडून खेळायचं आणि समोरच्याचा मानही ठेवायचा. आपल्या स्पर्धांत एक तरी फेरी अशी ठेवा ना, डिचोलीचा रोबो आणि सत्तरीचा रोबो एका बाजूला, फोंड्याचा आणि पेडण्याचा दुसऱ्या बाजूला. मग घुमट कुणासाठी वाजतं ते बघा.

रीलचा विषय मात्र मला फार लागतो. स्पर्धेत एका मुलाचा रोबो टेबलावरून खाली पडला, तुकडे झाले, तो रडला, आणि कुणीतरी ते शूट करून हसण्याच्या इमोजी टाकून फिरवलं. सातवीतला मुलगा. हे कुणी केलं ते मला माहीत नाही, आमच्या बसमधलंही कुणी असू शकतं, आणि असं करणाऱ्याला हॉलमध्ये जागा नसावी, इथं माझा काहीच वाद नाही. पण लक्षात घ्या, हे मोबाइलनं झालं, घुमटानं नाही. बंदी घालायचीच तर आधी मोबाइलवर घाला. टेबलावर वाकून फ्लॅश मारला की कलर सेन्सर गोंधळतो, ब्लूटूथवर चालणारे रोबो आणि मोबाइलचे हॉटस्पॉट एकाच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांच्या अंगावर येतात, तिकडच्या मोठ्या स्पर्धेत तर टीमला स्वतःचं वायफाय लावायलाच मनाई आहे. घुमटाच्या आवाजानं मात्र कुठलाही सेन्सर चुकला नाही. पण नोटिशीत मोबाइलबद्दल एक शब्द नाही, उलट बाकीच्यांनी निकाल फोनवर बघावा म्हणे.

आणि पैसा. हा आक्षेप माझ्या बाजूच्या लोकांनी नीट ऐकलाच नाही. विरोधक म्हणतात की जिंकणाऱ्याचा जयजयकार सुरू झाला की जिंकण्याची हाव सुटते, मग पालक तयार रोबो विकत आणतात, क्लासचे सर कोड लिहून देतात, पोरगं फक्त बटण दाबतं. खरं आहे, होतंय हे. पण हे गर्दीमुळे होतंय का? हे तर बंद दाराआड होतंय, जिथं दोन पालक आणि एक कोच एवढीच माणसं असतात. नाटकाच्या स्पर्धेत कोण प्रॉम्प्टिंगवर बोलतोय ते पाचव्या रांगेतल्या बाईला कळतं, कारण तिनं पन्नास नाटकं बघितलेली असतात. रोबो बघणारी माणसं वाढली तर पाच वर्षांत तीही म्हणतील की या पोराला स्वतःच्या रोबोतली वायर सापडत नाही, हा त्याचा नव्हे. 'फर्स्ट'च्याच लहान मुलांसाठीच्या लेगो लीगमध्ये परीक्षक पोरांनाच बसवून प्रश्न विचारतात, त्यात कोचला बोलायची मुभा नसते. तसं आपल्याकडे सगळ्यांसमोर करा, माइकवर करा. विकत आणलेला रोबो आणि पाठ केलेली उत्तरं भर गर्दीत किती वेळ टिकतील?

आणि ज्याच्याकडे विकत घ्यायला पैसे नाहीत त्याचं काय? सरकारनं २०२१ पासून केअर्स योजनेतून सरकारी आणि अनुदानित शाळांत कोडिंग आणि रोबोटिक्स आणलं, काही शाळांत अटल टिंकरिंग लॅब आहेत, हे मोठं काम झालं, मी मनापासून म्हणतो. पण शाळेत किट आलं म्हणून स्पर्धेतला रोबो होत नाही. त्याला संध्याकाळी सहा ते नऊ कुणीतरी बसावं लागतं, चाक निघालं तर दुसरं आणावं लागतं, मुलीला रात्री घरी सोडावं लागतं. पणजीतल्या घरात ते आईबाप करतात, गाडी असते, वर्कशॉप लावायला पैसे असतात. आमच्याकडे कोण करणार? आमच्याकडे ते मंडळानं केलं. आणि मंडळ यात कसं आलं ते ऐका, कारण कुणी मीटिंग घेऊन विज्ञान प्रसाराचा ठराव केला नव्हता. दोन वर्षांपूर्वी पोरं एका स्पर्धेत तिसरी आली, गावात फटाके लागले, फोटो लागला, तेव्हा आमच्या नरकासुराच्या फ्रेमचं वेल्डिंग करणारा म्हणाला, बघूया तरी हे काय ते. त्यानं बघितलं. आमच्या नरकासुरावरचा कृष्ण ज्या गाडीच्या वायपर मोटरवर फिरतो तिचं आणि पोरांच्या रोबोतल्या त्या पिवळ्या छोट्या बीओ मोटरचं काम एकच, गिअर लावून वेग कमी करायचा आणि जोर वाढवायचा. त्याला दहा मिनिटांत कळलं. पोरांना ते पुस्तकात वाचून कळलं नव्हतं, त्यानं मोटर उघडून दाखवली तेव्हा कळलं. चवथीचे हलते देखावे करणारा एक जण आला, त्यानं बेअरिंग कसं बसवायचं ते दाखवलं. शिगम्याच्या चित्ररथाचं उरलेलं प्लायवुड चॅसीला गेलं. पोरांनी उलट त्यांना शिकवलं, यंदाच्या नरकासुराचे डोळे आर्डुइनोच्या छोट्या सर्किट बोर्डवर फिरले आणि ते कोडसुद्धा भाचीचंच.

या सगळ्याची सुरुवात फटाक्यांपासून झाली. माणसं आधी ओरडायला आली, मग बघायला थांबली, मग हात लावायला लागली. गाव कुठल्याही गोष्टीत असंच शिरतं, फुटबॉलमध्ये असंच शिरलं, नाटकात असंच शिरलं. पहिल्या पायरीवरच दोन माणसांचा नियम लावला तर वेल्डर कधी येणार? जे दोन पास मिळतील ते जाणार शाळेच्या मॅनेजमेंटमधल्या एकाला आणि दुसरा एखाद्या पालकाला, आणि त्यात कुणाची चूकही नसणार.

आवाज किती आणि कधी, यावर बसून बोलता येतं. रोबो सुटण्याआधी शांतता, रोबो थांबला की घुमट, हे आमच्या लोकांना एकदा सांगितलं तर कळतं, आरतीत कुठं थांबायचं ते कळतं तसं. ते ठरवायला आयोजकांनी आम्हाला बोलवावं, आम्ही येतो. मुलांच्या तोंडावर कॅमेरा नाही, हा नियम आम्हीच आमच्या बसमध्ये लावतो. कामाची टेबलं वेगळ्या खोलीत न्या, उचलायला आमची वीस पोरं येतील.

परवा मंडळाच्या बैठकीत बालरथाचे ड्रायव्हर एक शंभर पानी वही घेऊन आले होते. पट्टीनं रकाने आखलेले, शाळेचं नाव, फेरी किती वाजता, कितव्या वळणावर चुकला, ऊन कुठं होतं. पुढच्या स्पर्धेत सगळ्या शाळांचं लिहिणार म्हणतात, फक्त आपलं नाही, आणि संध्याकाळी ज्याला पाहिजे त्याला वही दाखवणार. दोन माणसांच्या नियमात त्यांचा नंबर लागत नाही.